मागचे चाक एका समुद्रात, पुढचे दुसऱ्या!

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हाइटहेवन नावाचे एक जुने बंदर आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी तेथे गेले, तर एक गमतीदार दृश्य पाहायला मिळते. काही माणसे आपापल्या सायकली हातात धरून धक्क्यावरच्या उतारावरून पाण्यापाशी येतात. त्यांत कॉलेजची मुले असतात, नवरा-बायको असतात, नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले आजोबाही असतात. सायकलचे मागचे चाक ही मंडळी आयरिश समुद्राच्या पाण्यात बुडवतात, एकमेकांचे फोटो काढतात आणि पॅडल मारत गावाबाहेर पडतात.

तीन-चार दिवसांनी हीच माणसे देशाच्या दुसऱ्या टोकाला, संडरलँड किंवा टाइनमथ येथे पोहोचतात. अंग दुखत असते, चेहरा उन्हावाऱ्याने रापलेला असतो. आता ती सायकलचे पुढचे चाक उत्तर समुद्रात बुडवतात. जणू यात्रेकरूने एका तीर्थाचे पाणी दुसऱ्या तीर्थाला नेऊन घालावे!

या वाटेचे नाव आहे ‘सी टू सी’. इंग्रजीत ‘सी’ हे अक्षरही आहे आणि ‘सी’ म्हणजे समुद्रही. म्हणून ‘किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत’ आणि ‘समुद्रापासून समुद्रापर्यंत’ असे दोन्ही अर्थ या छोट्या नावात सामावले आहेत. लांबी सुमारे २२५ किलोमीटर. इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लंडनचे घड्याळ, राजवाडा आणि लाल बसगाड्या येतात. या वाटेवर त्यातले काहीही नाही. येथे आहेत डोंगर, तळी, मेंढ्या, पाऊस आणि एकेकाळी कष्टाने गजबजलेली, मग ओस पडलेली आणि आता सायकलच्या घंटीने पुन्हा जागी होणारी गावे.

आगगाडी गेली, वाट राहिली

ही वाट कोणा राजाने किंवा सरकारने आखलेली नाही. तिची कथा सुरू होते १९७७ मध्ये, दूर दक्षिणेकडच्या ब्रिस्टल शहरात. वाढत्या मोटारींना कंटाळलेल्या काही नागरिकांनी तेथे एकत्र येऊन एक संस्था काढली. पुढे ती ‘सस्ट्रान्स’ या नावाने प्रसिद्धीला आली. जॉन ग्रिमशॉ हे स्थापत्य अभियंता तिचे धुरीण होते.

त्यांच्यापुढे एक आयती संधी होती. १९६३ मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी ब्रिटिश रेल्वेचा तोटा कमी करण्यासाठी एक अहवाल दिला होता. सुमारे ८,००० किलोमीटरचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करावीत, अशी त्यात शिफारस होती. तिच्यातली बरीचशी अमलात आली. रूळ उखडले गेले, पण जमिनीवरची वाट तशीच राहिली. कोळशाच्या इंजिनाला मोठा चढ सोसत नाही, म्हणून जुन्या अभियंत्यांनी डोंगर कापून आणि दऱ्यांवर पूल बांधून ती सौम्य उताराची केली होती. जे इंजिनाच्या सोयीचे, ते सायकलच्याही सोयीचे! या मंडळींनी ब्रिस्टल ते बाथ या बंद लोहमार्गावर १९७९ ते १९८६ या काळात, बरेचसे श्रमदानाने, सायकलींसाठी रस्ता तयार केला.

त्याच धर्तीवर उत्तर इंग्लंडमध्ये बंद लोहमार्ग आणि शांत ग्रामीण रस्ते एकमेकांना जोडून १९९४ मध्ये ‘सी टू सी’ सुरू झाली. नवे बांधकाम थोडे, जोडणी जास्त. वळणावळणावर निळ्या पाट्या लावल्या आणि त्यांवर मार्गाचा क्रमांक लिहिला. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, लॉटरीच्या निधीतून चार कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली आणि देशभर सायकलमार्गांचे जाळे विणण्याचे काम सुरू झाले.

गडग्यांमधले रस्ते

पण सगळी वाट काही लोहमार्गावरून जात नाही. मोठा भाग आहे तो खेड्यापाड्यांतल्या अरुंद रस्त्यांचा. बैलगाडी किंवा घोडागाडी जाईल एवढीच रुंदी, दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या भिंती. आपल्या कोकणातले गडगेच जणू! समोरून मोटार आली तर कोणीतरी एकाने मागे सरून जरा रुंद जागी थांबायचे, असा रिवाज. कोठे रस्त्यातच लोखंडी गज आडवे बसवलेले असतात. गुरांना आणि मेंढ्यांना ते ओलांडता येत नाहीत. सायकलस्वाराने मात्र तेथे हँडल सरळ धरायचे. पाऊस पडून गज ओले झाले असतील, तर जास्तच जपायचे.

हे रस्ते शांत राहिले, याला कारण शेजारचे मोठे रस्ते. मालमोटारी आणि घाईची वाहतूक एम-६ या महामार्गावरून किंवा पूर्व-पश्चिम धावणाऱ्या ए-६६ वरून जाते. मागे राहिलेल्या जुन्या रस्त्यांवर उरतात शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, टपालाची गाडी आणि सायकली.

इंग्रज माणसाचे सायकलशी नातेही जुने. ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावाने गाजलेली संस्था १८७८ मध्ये यॉर्कशायरमधल्या हॅरोगेट येथे स्थापन झाली. खाणावळी आणि मुक्कामाच्या जागा पारखून त्यांवर आपले पंख असलेल्या चाकाचे चिन्ह लावणे, अवघड उताराच्या तोंडाशी धोक्याची पाटी उभारणे, अशी कामे ती करी. तिने बायकांसाठीही एक लढा दिला. १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन या बाई सायकलवरून सरे परगण्यातल्या एका हॉटेलात गेल्या. अंगात घोळदार झग्याऐवजी सैलसर विजार होती. तेवढ्यावरून त्यांना कॉफीच्या दालनात बसू देण्याचे नाकारण्यात आले. क्लबने प्रकरण कोर्टात नेले, पण निकाल विरुद्ध गेला. आज याच देशात आई आणि मुलगी बरोबरीने डोंगर चढताना दिसतात, तेव्हा कोणाचे लक्षही जात नाही. हरलेला खटला शेवटी रस्त्याने जिंकला, असे म्हणायला हरकत नाही!

सरोवरांच्या मुलखात

व्हाइटहेवन सोडल्यावर पहिले काही किलोमीटर जुन्या लोहमार्गावरून जातात. या मार्गावरून एके काळी लोखंडाचे तांबडे खनिज बंदराकडे जाई. व्हाइटहेवन स्वतः कोळशाच्या खाणींचे गाव होते. समुद्राखालीही येथे कोळसा खणला जाई. शेवटची हेग खाण १९८६ मध्ये बंद झाली.

थोड्याच वेळात मात्र दृश्य पालटते. हिरवी शेते, त्यांमागे निळसर डोंगर आणि मध्येच चकाकणारे लोजवॉटरसारखे तळे. हा लेक डिस्ट्रिक्ट. २०१७ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. येथे पहिली खरी परीक्षा होते ती व्हिनलॅटर खिंडीत. उंची ३१८ मीटर, दोन्ही बाजूंना सूचिपर्णी वृक्षांचे रान. नवखा सायकलस्वार येथेच शिकतो, की चढावर जोर लावायचा नसतो. गिअर हलका करायचा, श्वास सांभाळायचा आणि डोळे पुढच्या दहा हातांवर ठेवायचे.

खिंड उतरली की केझिक गाव. आपण शाळेत ज्या शिसपेन्सिलीने लिहायला शिकलो, तिचे मूळ शोधत गेले तर या गावाच्या आसपास पोहोचावे लागते. जवळच्या बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात शुद्ध ग्राफाइट सापडले आणि पेन्सिलीचा धंदा येथे वाढला. गावात पेन्सिलींचे संग्रहालय आहे. मुले बरोबर असतील तर ते चुकवू नये. गावाजवळच्या टेकाडावर कॅसलरिग येथे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे दगडांचे वर्तुळ उभे आहे. ते कोणी आणि कशासाठी उभारले, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही.

केझिकपासून थ्रेलकेल्डपर्यंतची वाट ग्रेटा नदीला पुन्हा पुन्हा ओलांडत जाते. ही पुन्हा लोहमार्गाची वाट. १८६० च्या दशकात हा मार्ग बांधला गेला तो पूर्वेकडच्या डरहॅममधला कोक पश्चिमेकडच्या लोखंडाच्या भट्ट्यांपर्यंत नेण्यासाठी. म्हणजे तेव्हा मालगाड्या पूर्वेकडून पश्चिमेला धावत. आता सायकली पश्चिमेकडून पूर्वेला जातात. केझिक ते पेनरिथ हा भाग १९७२ मध्ये बंद पडला.

डिसेंबर २०१५ मध्ये येथे मोठे वादळ झाले. ‘डेझमंड’ असे त्याचे नाव. नदीला आलेल्या पुराने दोन पूल वाहून गेले आणि वाट तुटली. तोट्यातली आगगाडी बंद झाली तेव्हा रूळ निमूटपणे निघाले होते. या वेळी मात्र लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. नवे पूल आले, एक बुजवलेला बोगदा पुन्हा मोकळा केला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये वाट खुली झाली.

हार्टसाइडचा चढ

पेनरिथ मागे टाकले की ईडन नदीचे खोरे लागते. तांबड्या दगडाची घरे, कुरणे, चर्चचे मनोरे. सारे कसे निवांत! पण समोर पूर्वेला आडवी भिंत उभी असते. ती पेनाइन डोंगररांग, इंग्लंडचा कणा. तिच्यावर चढण्याची जागा म्हणजे हार्टसाइड.

उंची सुमारे ५८० मीटर. आपल्या लोणावळ्यापेक्षाही थोडी कमीच. सह्याद्रीचे घाट पाहिलेल्या माणसाला आकडा ऐकून हसू येईल. पण येथे वाऱ्याला आडोसा नाही. झाड नाही, झुडूप नाही. नुसते गवत आणि आकाश. खाली ऊन असते आणि वर पोहोचेपर्यंत ढग अंगावर येतात. जुलै महिन्यातही बोटे गारठतात. रस्ता नागमोडी वळणे घेत वर चढत राहतो, प्रत्येक वळणावर वाटते की आता संपला, आणि तो संपत नाही.

वर मात्र कष्टाचे फळ मिळते. मागे वळून पाहिले की कालचे सगळे डोंगर एका नजरेत दिसतात. हवा स्वच्छ असेल तर पार स्कॉटलंडच्या टेकड्यांपर्यंत नजर जाते. या माथ्यावर एक नामांकित कॅफे होता. दमून आलेल्या किती जणांनी तेथे गरम चहाचा पेला दोन्ही हातांत धरला असेल! मार्च २०१८ मध्ये तो आगीत जळून गेला. जुने सायकलस्वार अजून त्याची आठवण काढतात.

शिशाच्या खाणींची गावे

पलीकडे उतरल्यावर गॅरिगिल आणि मग नेंटहेड. समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर वसलेले नेंटहेड हे इंग्लंडमधल्या सर्वांत उंच खेड्यांपैकी एक आहे. असल्या थंड, उघड्या जागी माणसे राहायला आली ती शिशासाठी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या डोंगरांतून प्रचंड शिसे निघत असे. क्वेकर पंथाच्या लोकांनी चालवलेल्या लंडन लेड कंपनीने येथे कामगारांसाठी घरे, शाळा आणि वाचनालय उभारले. खाण दूर असेल तर कामगार आठवडाभर खाणीजवळच्याच कोठीत राहत. ओले कपडे, कोंदट हवा आणि एका पलंगावर तीन-चार माणसे. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होत आणि अनेक जण पन्नाशीही गाठत नसत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधून स्वस्त शिसे येऊ लागले आणि भाव कोसळला. खाणी बंद पडल्या, माणसे पोटामागे निघून गेली. कोणी शहरात, कोणी थेट अमेरिकेत. मागे उरले ते दगडी राशींचे ढिगारे आणि अर्धी रिकामी गावे.

नेंटहेडवरून पुढे गेले की ब्लॅक हिल. ६०९ मीटर उंचीचे, या वाटेवरचे सर्वांत उंच ठिकाण. तेथून खाली अ‍ॅलनहेड्स, तेही शिशाचेच गाव. ऑगस्टमध्ये येथे हेदरची झुडपे फुलतात आणि मैलोन्‌मैल डोंगर जांभळा होतो.

आज या गावांतल्या घरांवर ‘मुक्काम व न्याहारी’ अशा पाट्या दिसतात. आत सायकली ठेवायला कुलपाची खोली, ओले कपडे वाळवायला दोरी आणि सकाळी पोटभर न्याहारी. चढ इतके अवघड, की सायकलस्वाराला येथे थांबावेच लागते. मोटारीतला प्रवासी ही गावे दहा मिनिटांत ओलांडून जातो. सायकलवाला चहा पितो, केक खातो, रात्री राहतो. ज्या डोंगराने पूर्वी शिसे देऊन पोट भरले, तोच आता आपल्या चढाच्या जोरावर चार घरांची चूल पेटती ठेवतो.

पोलादाचे गाव

शेवटच्या टप्प्यावर स्टॅनहोपच्या बाजूचा एक छातीवरचा चढ पार केला, की बहुतेक कष्ट संपतात. वास्करलीच्या उघड्या माळावरून जुना लोहमार्ग हळूहळू उतरू लागतो. १८३४ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावरून चुनखडी जात असे. पुढे हाउन्सगिल येथे १८५८ मध्ये बांधलेला उंच विटांचा पूल लागतो. खाली सुमारे पन्नास मीटर खोल दरी आणि वरून सायकलींची रांग.

पूल ओलांडला की कॉन्सेट. या गावाची कथा ऐकताना आपल्याकडच्या गिरणगावाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १८४० मध्ये येथे लोखंडाचा कारखाना निघाला आणि त्याभोवती गाव वाढले. कारखान्यातून उडणारी तांबडी धूळ घरांवर, खिडक्यांवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. बायका कुरकुरत, पण ती धूळ म्हणजे पगार, हेही त्यांना ठाऊक असे. सप्टेंबर १९८० मध्ये कारखाना बंद झाला. साडेतीन हजारांहून अधिक माणसांची नोकरी एका फटक्यात गेली. धूळ नाहीशी झाली, आकाश स्वच्छ झाले, आणि घराघरांत कर्ते पुरुष दिवसा बसून राहू लागले.

आज कारखान्याच्या जागेजवळून सायकलींची वाट जाते. तेथे टोनी क्रॅग या शिल्पकाराची दोन अवाढव्य शिल्पे उभी आहेत. जमीन मोजणाऱ्या सर्वेक्षकाची उपकरणे मूळ आकाराच्या वीसपट मोठी करून स्टेनलेस स्टीलमध्ये घडवली आहेत आणि त्यांना चक्क जनावरांचे पाय लावले आहेत! लोहमार्ग आखणाऱ्या जुन्या अभियंत्यांची ती आठवण. आणखी पुढे बीमिशजवळ सॅली मॅथ्यूज या शिल्पकर्तीने भंगारातल्या यंत्रांच्या तुकड्यांतून घडवलेल्या गाई रस्त्याकडेला चरत असल्यासारख्या उभ्या आहेत. लहान मुले सायकल टाकून आधी त्यांच्याकडे धावतात.

सायकलच्या वाटेने कॉन्सेटला पोलादाचा कारखाना परत मिळाला, असे कोणी म्हणणार नाही. हजारो माणसांचा रोजगार चहाच्या दुकानांतून निघत नसतो. पण जी जमीन नुसती काट्याकुट्यांची आणि भंगाराची झाली असती, तिच्यावरून आता शाळेची मुले शाळेत जातात, म्हातारी माणसे फिरायला निघतात आणि परगावची माणसे येऊन गावाची कथा विचारतात. गाव विस्मरणात गेले नाही, हेही काही थोडे नाही.

जायचे झाले तर

इंग्लंडमध्ये मुले-नातवंडे असलेली कुटुंबे आता आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिकडे जाणाऱ्यांनी दोन दिवस या वाटेच्या एखाद्या तुकड्यासाठी जरूर राखून ठेवावेत. केझिक ते थ्रेलकेल्ड हा भाग लहान मुलांनाही झेपतो. कॉन्सेटपासून समुद्रापर्यंतचा भाग बहुतेक उताराचा आहे.

पूर्ण वाट करायची तर मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून पश्चिमेकडून निघावे; तो पाठीशी राहतो. सराईत माणसे तीन दिवसांत जातात. घरच्यांसह जाणाऱ्यांनी पाच दिवस धरावेत. सायकल भाड्याने मिळते आणि सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या गाड्याही असतात. गिअर हलके हवेत आणि ब्रेक चोख. चढापेक्षा उतारावर अपघात जास्त संभवतात. पावसाचा कोट, सुटी ट्यूब, हातपंप आणि खिशात थोडा खाऊ हवाच. सायकल आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची. २०२२ च्या सुधारित नियमांनुसार मोटारचालकाने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावे, असे सांगितले आहे. शेतातले फाटक उघडले तर मागे लावून घ्यावे, आणि रस्त्यात मेंढ्या बसल्या असतील तर त्या उठेपर्यंत थांबावे. घाई त्यांना नसते, आपल्यालाही नसावी!

संडरलँडला वेअर नदीच्या काठाने वाट समुद्रापाशी येते. येथल्या गोद्यांत एके काळी जगभर जाणारी जहाजे बांधली जात. त्यांतल्या शेवटच्या गोद्या १९८८ मध्ये बंद झाल्या. एका बंद पडलेल्या खाणीच्या गावातून निघालेला प्रवास बंद पडलेल्या गोद्यांच्या शहरात संपतो. पण शेवटच्या वळणावर हे कोणाच्या मनात नसते. समोर उत्तर समुद्राचे राखाडी पाणी दिसू लागते, पॅडलवरचे पाय आपोआप जोर धरतात. वाळूवरून सायकल ढकलत माणसे पाण्यापर्यंत जातात, पुढचे चाक लाटेत घालतात आणि एकमेकांकडे पाहून हसतात. चाकाला अजून नेंटहेडचा चिखल आणि कॉन्सेटची माती चिकटलेली असते. लाट येते आणि ती धुऊन नेते.